ठाण्यात मारलं, पैसे घेतले, कागद एकही नाही : इंदुरात तक्रार कुठे आणि कशी करायची

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. तुम्ही सुदामा नगरच्या. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. गुरुवारी रात्री मित्रांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊन परत येताना चेकिंगला गाडी थांबवली, कागद दाखवण्यावरून बाचाबाची झाली, दोन शिपायांनी त्याला ठाण्यात नेलं. तिथे पट्ट्याने मारलं. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्याच मोबाइलवरून बाहेरच्या चहाच्या टपरीवाल्याच्या क्यूआर कोडवर आठ हजार पाठवायला लावले, एका कोऱ्या कागदावर सही घेतली आणि चारला सोडलं. आज सोमवार. तुम्ही विचारताय की १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, टाकलेली शिकायत पुरेशी आहे का, खोटी केस लावतील का, आणि वकील करावा लागेल का.

सत्तावीस वर्षं इंदूरच्या कचेरीत वकिलीत काढल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. अशा प्रकरणात पोलीस आपल्या साक्षीदारांमुळे क्वचित अडकतात, ते अडकतात स्वतःच्याच कागदात. ठाण्याचा रोजनामचा (रोजच्या नोंदींची वही), ड्यूटी रजिस्टर, गाडीची लॉगबुक, कॅमेऱ्याचं फुटेज, हे सगळं त्यांच्या ताब्यात असतं आणि त्यात त्या रात्रीचं काहीतरी असतंच. आपल्या तक्रारीचं पहिलं काम न्याय मागणं हे नाही. तो कागद आणि ते फुटेज आहे तसं बांधून ठेवायला लावणं, हे पहिलं काम. लोक चार पानं अन्याय लिहितात आणि ही एक ओळ विसरतात.

सर्वांत आधी पैशांचं बोलतो, कारण तिथे घड्याळ चालू आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सूट त्यालाच, ज्याच्याकडून ती जबरदस्तीने घेतली गेली आणि ज्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं. पैसे शुक्रवारी पहाटे गेले, आज चौथा दिवस. माझा हिशेब सोपा आहे : बुधवारपर्यंत लाचखोरीचा तपास करणाऱ्या लोकायुक्तच्या इंदूर कार्यालयात लेखी अर्ज पोचलाच पाहिजे, गुरुवारवर ढकलू नका. खरं सांगायचं तर लोकायुक्तवाल्यांना सापळा आवडतो, नोटांना पावडर लावून रंगेहाथ पकडण्यात त्यांचा हात बसलेला आहे. होऊन गेलेल्या व्यवहाराची तक्रार ते थंडपणे घेतात. घेऊ देत. आपल्याला आत्ता त्यांच्या उत्साहाची गरज नाही, आवक शिक्क्याची आहे. उद्या कोणी म्हणालं की पोराने स्वतःहून चिरीमिरी दिली, तर तो शिक्का ढाल होतो.

टपरीवाल्याचा क्यूआर ही युक्ती जुनी झाली आहे. पूर्वी पाकीट टेबलाखालून जायचं, आता चहावाल्याच्या खात्यात जातं आणि सकाळी तो रोख देतो. त्यांना वाटतं त्यांचं नाव कुठे आलं नाही. पण पहाटे तीन वाजता, ठाण्याच्या दाराशी असलेल्या टपरीवर, आठ हजारांचा चहा कोण पितं? व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि खात्यावरचं नाव, हे तिन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट काढा आणि बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट उद्याच मागा. भावाला सांगा, मोबाइल फॉरमॅट करू नकोस, बदलू नकोस, त्या रात्रीचं लोकेशन आणि कॉलची यादी पुसू नकोस. पुढे कोर्टात हे दाखवायचं झालं तर २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते मी करून देईन, पण मूळ मोबाइल हातात असला पाहिजे.

आता जखमा. तुम्ही लिहिलंय की आईने हळद लावली आणि घरीच ठेवलं. आईचं चुकलं असं म्हणणार नाही, आपल्या घरांत ठाण्यातून आलेलं पोर आधी लपवलं जातं. पण आजच्या आज एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, न्या आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची जखमांची डॉक्टरी नोंद, करून घ्या. पोलिसांचं पत्र आणा, मगच तपासू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सरकारी डॉक्टर आधी तपासून एमएलसी नोंदवू शकतो, पोलिसांना कळवणं हे त्याचं नंतरचं काम. खिडकीवर विचारतील, ‘कैसे लगी?’ तिथे पोरं घाबरून ‘गिर गया था’ म्हणतात आणि सगळं तिथेच संपतं. भावाने स्पष्ट सांगायचं की अमक्या तारखेला, अमक्या ठाण्यात, पोलिसांनी पट्ट्याने मारलं, आणि डॉक्टरने ते लिहिलंय का हे पर्चीवर वाचून मगच बाहेर पडायचं. काही दिवसांत वळ काळेनिळे होऊन हिरवट-पिवळे पडायला लागतात. त्यामुळे उशीर झाला म्हणून जाऊ नये असं नाही, उलट रंगावरून डॉक्टर वळ किती जुने आहेत याचा अंदाज लिहू शकतो. घरीही रोज एकाच ठिकाणी, उजेडात, शेजारी पट्टी धरून फोटो काढा.

१८१ बद्दल. सीएम हेल्पलाइनला मी नावं ठेवत नाही, रस्ता, नळ, पेन्शन यासाठी ती ठीक आहे. पण तिथे तक्रार पहिल्या पायरीवर ज्या अधिकाऱ्याकडे जाते, तो पोलिसांच्या बाबतीत सहसा त्याच ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेदार, असतो. म्हणजे ज्याने चोरी केली म्हणता, चौकशीही त्याच्याच हातात. मग तुम्हाला फोन येईल, ‘मॅडम, संतुष्ट लिखवा दीजिए, हम देख लेंगे.’ लिहवू नका. संतुष्ट म्हटलं की तक्रार बंद, आणि ते बंद झाल्याचं पान पुढे तुमच्याच विरोधात दाखवलं जातं. तुम्ही शनिवारी टाकली, त्याचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. घटनेनंतर दोन दिवसांत तुम्ही बोललात एवढा पुरावा त्यातून मिळतो, आणि तो कमी नाही.

खरा अर्ज कमिशनरच्या नावाने, प्रत झोनच्या डीसीपीला. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात कमिशनर पद्धत आहे. पूर्वी जे काम एसपी करायचा ते आपल्या शहरात डीसीपीकडे आलं. कायद्यात आजही ‘पुलिस अधीक्षक’ हाच शब्द आहे, त्यामुळे जुने नमुने उतरवणारे अजून एसपीच्या नावाने अर्ज लिहितात आणि तो चार टेबलं फिरतो. उद्या मंगळवार, जनसुनवाईचा दिवस. सकाळी अकराच्या आधी पोचा. तीन प्रती घ्या, तिसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. साहेबांनी प्रेमाने ऐकून घेतलं, शिपायाला चहा आणायला सांगितलं, ‘बेटा चिंता मत करो’ म्हणाले, तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. त्याच दिवशी तोच अर्ज जीपीओतून स्पीड पोस्टने कमिशनर, डीसीपी आणि ठाणं, तिघांना. पावत्या एका वहीत चिकटवा. स्पीड पोस्टच्या पावतीवरची शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून झेरॉक्सही काढा. हे मी माझ्याच एका फायलीत शिकलो. कोर्टात पांढरी चिठ्ठी दाखवत उभा होतो.

अर्जात काय लिहायचं. दीड पान, जास्त नाही. वेळेनुसार : किती वाजता, कुठे अडवलं, कोण होतं, किती वाजता ठाण्यात, कोणत्या खोलीत, कोणी मारलं, किती वाजता पैसे, किती वाजता सुटका. नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. नेमप्लेटवर काय दिसलं, आडनावाचं पहिलं अक्षर, फितीवरून शिपाई की हवालदार, मिशी, बोलण्याची ढब, गाडीचा नंबर, एवढं पुरतं. त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं ते त्यांचंच रजिस्टर सांगेल. चुकीचं नाव पडलं, तर तो शिपाई त्या दिवशी सुट्टीवर होता एवढं दाखवून सगळी शिकायत खोटी ठरवतात.

आणि ज्या एका ओळीबद्दल मी वर बोललो ती शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, ठळक : अमुक तारखेच्या रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतलं ठाण्याच्या मुख्य दाराचं, आवाराचं, लॉकअपबाहेरचं आणि व्हरांड्याचं सीसीटीव्ही फुटेज, रोजनामचा सान्हा, ड्यूटी रजिस्टर आणि गाडीची लॉगबुक सुरक्षित ठेवावी. सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंह सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, फुटेज अठरा महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष, आणि ज्याच्या हक्कांवर गदा आली त्याला ते जपून ठेवायला लावण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात ‘कैमरा खराब था’ हे उत्तर ठरलेलं असतं. तुमचा अर्ज पाचव्या दिवशी पोचला असेल तर त्या उत्तराची किंमत वेगळी होते. सहा महिन्यांनी मागितलंत, तर कोणी कशाला खरं बोलेल? शिवाय ज्या चौकात अडवलं तिथल्या दुकानांचे कॅमेरे बघा. दुकानदारांच्या मशिनी पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं चढवतात. मेडिकलवाल्याला विनंती करून आजच पेन ड्राइव्हवर घ्या.

रोजनामच्यावर माझा एवढा जोर का, तर एक प्रकरण सांगतो, ठाण्याचं नाव राहू दे. पोलिसांनी लेखी दिलं होतं की मुलगा ठाण्यात आलाच नाही. आम्ही दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात त्या रात्रीच्या रवानगी-वापसीच्या नोंदी मागितल्या. पहिल्यांदा नकार आला, अपिलात दोन पानं मिळाली. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी गस्तीवरून वापसी, आणि त्याच ओळीत मुंशीने सवयीने लिहून टाकलेलं, ‘मय एक संदिग्ध’. एका संशयितासह. मुंशी बिचारा इमानदार होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की काय लपवायचंय. पुढची सगळी केस त्या तीन शब्दांवर उभी राहिली. तुम्हीही पुढच्या आठवड्यात हा अर्ज टाका. नकार आला तरी ‘अमुक क्रमांकाची नोंद देता येत नाही’ असं लिहून येतं, म्हणजे नोंद आहे.

कोऱ्या कागदावरच्या सहीचा उल्लेख अर्जात पहिल्याच पानावर करा. तो कागद पुढे बहुधा राजीनामा म्हणून उगवेल. हसू नका, आपल्या मराठी घरांत यावरून खरंच गोंधळ होतो. इथल्या कचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे आपसांतली तडजोड. आमच्या एका काकूंनी मुलाच्या नावाचा राजीनामा फायलीत आहे ऐकून विचारलं होतं, ‘अहो, पण तो नोकरीला कुठे होता?’ तसंच ‘चेष्टा’. मराठीत विचार करून हिंदीत लिहिताना ‘पुलिस ने मेरी चेष्टा की’ असं लिहू नका, वाचणारा चक्रावेल, तिथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘यातायात’ लिहिलंत तर फाइल ट्रॅफिकच्या टेबलावर जायची. घरी बोलता तशी साधी इंदुरी हिंदी लिहा, शुद्ध करायला जाऊ नका.

मग चौकशी लागेल. एसीपीच्या कार्यालयातून फोन येईल, कथन, म्हणजे जबाब, द्यायला या. तोंडी बोलावणं आलं तर नोटीस मागा, नम्रपणे. भावाबरोबर कोणीतरी मोठं माणूस जाऊ द्या. आई आणि तुम्ही दोघीही बाईमाणूस, तर लक्षात ठेवा की तपासात साक्षीसाठी पोलीस स्त्रीला राहत्या घराबाहेर बोलावू शकत नाहीत, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. कथन जसं बोललं तसं लिहिलंय का ते वाचल्याशिवाय सही नाही. ‘मामूली धक्कामुक्की हुई’ हे वाक्य मध्येच घुसलेलं मी कितीदा पाहिलंय. याच सुमारास बातमी येईल की अमका शिपाई लाइन अटॅच झाला, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत बसवला. घरचे पेढे आणतात. ताई, लाइन अटॅच ही शिक्षा नव्हे, ती बदलीही धड नव्हे. महिन्या-दोन महिन्यांत तो दुसऱ्या ठाण्यात असतो. विभागीय जांच सुरू झाली का आणि तिचा क्रमांक काय, हे लेखी विचारत राहा.

विभागीय कारवाई वेगळी आणि गुन्हा वेगळा. मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, कबुली किंवा मालमत्ता उकळण्यासाठी इजा करणं, हे सगळे न्याय संहितेतले गुन्हे आहेत आणि अंगात वर्दी असल्याने ते गुन्हे राहत नाहीत असं कुठे लिहिलेलं नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर लिहिलाच पाहिजे हे ललिता कुमारी निकालात २०१३ पासून ठरलेलं आहे. ठाणं आपल्याच माणसावर तो लिहिणार नाही, फार तर अदमचेक, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, फाडून हातात देईल. त्याला एफआयआर समजून घरी येऊ नका. ठाण्याने नाकारलं, मग डीसीपीला लेखी, तिथेही हालचाल नाही, मग मॅजिस्ट्रेटपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली अर्ज, शपथपत्रासह. आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पावत्या नसतील तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून मघाशी वहीत चिकटवा म्हणालो. शासकीय नोकराविरुद्ध असल्याने मॅजिस्ट्रेट वरिष्ठाचा अहवाल मागवतील, त्या पोलिसाचं म्हणणं ऐकतील, नंतर खटल्याला सरकारी परवानगीचा मुद्दा निघेल. परवानगीसाठी आता १२० दिवसांची मुदत आहे, त्यात निर्णय झाला नाही तर मिळाली असं धरतात. समोरचा वकील म्हणणारच की हे कर्तव्य करताना घडलं. इथे पुन्हा तोच कागद कामाला येतो : कर्तव्य होतं तर अटक पत्रक कुठे, घरी कळवल्याची नोंद कुठे, मेडिकल कुठे? डी. के. बसू निकालापासून हे सगळं बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर कर्तव्य कसलं?

मुदतींचं एक टोचणारं कलम आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ४२ मध्ये तीन महिन्यांची मर्यादा आहे. तुमच्यासारख्या प्रकरणाला ती लागते का यावर वाद घालता येतो, पण समोरचे ते कलम काढतात, म्हणून मी पक्षकाराला तीन महिने ओलांडू देत नाही. मानवाधिकार आयोगाला एक वर्ष. भोपाळचा राज्य आयोग किंवा दिल्लीचा राष्ट्रीय, एकच निवडा, दोन्हीकडे एकदम टाकलं तर एकजण हात झटकतो. फी नाही, वकील नको, आयोग अहवाल मागवतो तेव्हा खात्यात थोडी धावपळ होते. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, एवढं समजून टाका.

खोट्या केसची भीती. हो, लावू शकतात, गोड बोलून टाळणार नाही. सहसा दोन प्रकार होतात. एक, सरकारी कामात अडथळा, म्हणून गुरुवारच्या रात्रीची बाचाबाची अर्जात लपवू नका. भावाने आवाज चढवला असेल तर तसं लिहा, हात उचलला नाही हेही लिहा. दुसरा, प्रतिबंधात्मक अटक. शिपाई अजून जुन्या नंबराने ‘१५१ में डाल देंगे’ म्हणतात, नव्या संहितेत ते १७० आहे. आपल्या शहरात यात एक मेख आहे. कमिशनर पद्धतीत त्या कामाचे कार्यकारी मॅजिस्ट्रेटचे अधिकार एसीपीकडे आले, म्हणजे पकडणारा पोलीस आणि ज्याच्यापुढे उभं करायचं तोही पोलीस. तसं घडलं तर जामीनदार आणि त्याचे कागद तयार ठेवा आणि मला रात्री कितीही वाजता फोन करा. पण ज्याची तक्रार कमिशनर, लोकायुक्त आणि आयोगाच्या आवकेत आहे, त्याला हात लावताना टीआय विचार करतो. केसपेक्षा जास्त वेळा येतो तो ओळखीचा माणूस. गणपती मंडळातला कोणी, वॉर्डातला कोणी, ‘अरे पोराचं लग्न व्हायचंय, मिटवून टाका’ म्हणत. मिटवायचं की नाही हा तुमच्या घरचा निर्णय, त्यात मी बोलणार नाही. फक्त बोलणं घरात करा, ठाण्यात नको, आणि आठ हजार परत घेऊन सही देऊ नका. त्या सहीने लोकायुक्तची तक्रारही पोकळ होते.

वकील आत्ता लागत नाही. उद्याची जनसुनवाई, लोकायुक्तचा अर्ज, एमएलसी, माहितीचा अर्ज, हे सगळं तुम्ही दोघं करू शकता. मॅजिस्ट्रेटपुढे जायची वेळ आली की या, किंवा नुकसानभरपाईसाठी हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट करायची ठरली तर. आज रात्री अर्जाचा मसुदा पाठवा, मी वाचून देतो.

आणि त्या रात्रीचा शर्ट. आईने धुतला नसेल तर तसाच ठेवा, घडी न घालता कागदी पिशवीत, प्लास्टिकच्या नको, त्यात दमट होऊन डाग सडतात. धुतला असेल तर धुतला असं लिहा.